सराफ म्हणालात, म्हणून हे उत्तर

नमस्कार.

घरातला गिटारसंग्रह चोरांपासून कसा सांभाळावा यावर मी लिहिलं आणि तुम्ही त्याची सालटी काढलीत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही पंधरा वर्षं गिटारी दुरुस्त करता. तुमचं म्हणणं असं, की हा लेख गिटारवाल्याने नव्हे, एखाद्या सराफाने लिहिल्यासारखा आहे. चोरीला गेलेल्या गिटारींपेक्षा कपाटात कोंडून मेलेल्या गिटारी तुम्ही जास्त पाहिल्यात. कुलूप चोराला दोन मिनिटं अडवतं आणि मालकाला कायमचं. त्यापेक्षा विमा काढावा, गिटारी भिंतीवर टांगाव्यात आणि वाजवाव्यात. जाता जाता एक टोलाही हाणलात : ‘असलं लिहून चोरांनाच शिकवताय.’

कपाटाबद्दल तुमचं खरं आहे, म्हणून आधी तेच घेतो. लोखंडी कपाटात गिटारी ठेवा आणि खाली सिलिका जेलची मोठी पिशवी टाका, म्हणजे दमटपणाची काळजी नाही, असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. वाक्य काढून टाकलंय.

सिलिका जेलला थांबणं ठाऊक नसतं. भरलीच नाही तर ती पिशवी ओलावा पीत राहते, आणि बंद कपाटातल्या थोड्याशा हवेतला ओलावा संपला की लाकडातला ओढते. अख्ख्या लाकडाच्या अकूस्टिक गिटारीला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. त्याच्या बरीच खाली गेली की लाकूड रेषांना आडवं आकसतं. फ्रेटबोर्ड, म्हणजे जिच्यावर बोटं दाबतो ती पट्टी, अरुंद होतो, तिच्यावरच्या आडव्या फ्रेटची धातूची टोकं मात्र होती तेवढीच राहतात आणि नेकच्या, म्हणजे गिटारीच्या मानेच्या, कडेवरून हात फिरवला की करवतीसारखी टोचतात. हे पहिलं लक्षण. मग वरची फळी बसते, आणि त्याकडेही दुर्लक्ष केलं की तडा. तुमच्याकडे आलेल्या तीन गिटारींचं जे वर्णन तुम्ही केलंत ते तंतोतंत हेच होतं, आणि त्यातली एखादी माझा लेख वाचून कपाटात गेली असेल तर मी तिच्या मालकाची माफी मागतो.

ओलावा घेणाऱ्या आणि परत देणाऱ्याही पुड्या मिळतात. संपृक्त क्षाराच्या द्रावणावर चालतात, आणि गिटारीसाठीच्या पुड्या हवा 49 टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतात. पण त्या कपाटात टाकून उपयोग नाही, कपाट फटींतून श्वास घेतं. पुडी केसमध्ये, केस कपाटात, आणि केसमध्ये आर्द्रता मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोरीची शिफारसही मी मागे घेतोय, तुम्ही तिचा उल्लेख केला नसलात तरी. आग थोपवण्यासाठी अशा बऱ्याच तिजोऱ्यांच्या भिंतींत जिप्समसारखं पाणी धरून ठेवणारं काहीतरी भरलेलं असतं. आगीत ते पाणी वाफ होऊन आतला माल वाचवतं, पण एरवी बंद तिजोरीत कुबट दमटपणा साचतो. कागदपत्रं ते सोसतात. स्प्रूसच्या लाकडाची वरची फळी आणि सरसाचे सांधे सोसतीलच असं नाही. शिवाय बहुतेक गिटारी मीटरभर लांब, केससकट त्याहून जास्त. मावणारी तिजोरी शोधण्यातच जीव जातो.

आता सराफाचं. ते लागलं, कारण मी असा झालो तो एका दुपारनंतर.

तेव्हा माझ्याकडे फक्त दोन गिटारी होत्या. चांगली होती ती आतल्या खोलीत भिंतीवर. दुसरी, काळी, तालमीहून आल्यावर केससकट दारामागे उभी करून ठेवलेली. घर तासभर बंद होतं. चोराने कटावणीने कडी उचकटली आणि समोर जे उचलता येईल ते घेतलं : लॅपटॉप, आणि दारामागची केस. भिंतीवरच्या गिटारीला त्याने हातही लावला नाही. आता तुम्ही म्हणाल, बघा, भिंतच सुरक्षित! तसं नाही. केसला हँडल असतं. नुसती गिटार घेऊन भरदुपारी रस्त्यावरून चालणारा माणूस लक्षात राहतो, केस घेऊन चालणारा नुसता क्लासला निघालेला वाटतो. म्हणजे आपणच चोरासाठी सामान बांधून, हँडल लावून दाराशी ठेवतो. भिंतीवर टांगून रिकाम्या केसेस त्याच खोलीत रचून ठेवणारे खूप जण आहेत. निदान त्या तरी दुसरीकडे हलवा.

पण खरी फजिती नंतर झाली. फिर्याद लिहून घेणाऱ्याने विचारलं, “वर्णन?” मी म्हणालो, काळी, इलेक्ट्रिक, सहा तारांची. त्याने मान वर करून पाहिलं. “नंबर वगैरे?” माहीत नाही. “बिल?” सापडत नाही. “फोटो?” होते की, वाजवतानाचे, त्यात माझा चेहरा छान आला होता. अकरा वर्षं वाजवलेली गिटार. नवव्या फ्रेटच्या मागे, जिथे अंगठा टेकतो तिथे, लाख घासून कशी मऊ झाली होती ते डोळे मिटून सांगितलं असतं. पण तो रकाना फॉर्मवर नव्हता, आणि त्या जागेचा फोटो माझ्याकडे नव्हता. ती गिटार पुढे कुणाच्या हातात दिसलीच असती, तरी ती माझी आहे हे मी सिद्ध करू शकलो नसतो.

म्हणून कुलपाबद्दल तुमचं आणि माझं भांडण तुम्हाला वाटतं तेवढं मोठं नाही. कुलूप दोन मिनिटंच अडवतं, कबूल. मी त्याच्याकडून तेवढीच मागतो. घरफोड्याला घाई असते. सायरन त्याची मिनिटं कमी करतो, कुलूप त्याला लागणारी मिनिटं वाढवतं. दोन्ही मिळून हिशेब जमतो, एकट्याने जमत नाही. नुसता कॅमेरा लावला तर टोपी घातलेल्या माणसाचं छान चित्रीकरण हाती येतं.

फक्त ती दोन मिनिटं खरी हवीत, आणि इथे बाजारात बरीच फसवाफसवी चालते. केसच्या खटक्याला जी चिमुकली किल्ली मिळते ती कुलूप नव्हे, दागिना आहे. तसलीच किल्ली शेजारच्या केसलाही लागते बऱ्याचदा. केसच्या हँडलमधून साखळी ओवून ती पलंगाला बांधणारेही पाहिलेत. ते हँडल दोन रिव्हेटांवर उभं असतं. कुलपाचा हँगर, म्हणजे गिटार भिंतीवर टांगून कुलूपबंद करायचा आकडा, पोलादी असतो, पण तो ज्या स्क्रूंवर उभा आहे ते पोकळ पार्टिशनमध्ये, प्लास्टिकच्या प्लगात गेले असतील तर दोन हातांनी ओढला की भिंतीच्या पोपड्यासकट बाहेर. आणि भिंत पक्की असली तर? तर चोर गिटारच ओढणार, आणि मागे कललेल्या हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्यांच्या माथ्याची, गिटार असेल तर ती नेमकी त्या माथ्याखाली मोडणार हे मी तुम्हाला सांगायला नको. गिटार चोराला नाही आणि मालकालाही नाही. इथे तुमची बाजू बळकट आहे. म्हणून कुलपाचे हँगर मी आता रोज हातात घ्यायच्या एकदोन गिटारींपुरतेच म्हणेन, तेही विटांच्या भिंतीत.

बाकीच्या संग्रहासाठी एकेका गिटारीला कुलूप लावण्यापेक्षा एक खोली नीट करावी. आतली खोली, भरीव दार. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूने असतील तर त्यांच्या खिळी काढता येणार नाहीत अशा. दाराला सायरनचा सेन्सर. खोलीच्या आत गिटारी मोकळ्या टांगा, स्टँडवर ठेवा, काय हवं ते. एक किल्ली फिरवली की सगळ्या हाताशी. मालकाला कायमचं अडवणारं कुलूप ते हे नव्हे. एकच बघा, जुन्या नायट्रोसेल्युलोज लाखेच्या गिटारी असतील तर स्टँडचं आणि हँगरचं रबर लाखेला खातं. पण हे मी तुम्हाला शिकवणं म्हणजे जरा जास्तच झालं.

विम्यावर येतो. विमा काढावाच. पण ‘विमा काढा आणि झोपा’ यात एक पाचर आहे. घरातल्या वस्तूंच्या पॉलिसीत बऱ्याचदा एका वस्तूमागे कमाल रक्कम ठरलेली असते, आणि संग्रहातली एकच गिटार त्या रकमेच्या कितीतरी वर असू शकते. तुम्ही पैसे घेऊन वाजवत असाल तर ती घरगुती वस्तू राहतच नाही असंही पॉलिसीत लिहिलेलं असू शकतं. गिटारींची वेगळी नोंद, ठरलेली किंमत, हे आधी लेखी हवं. आणि भरपाई मागताना पहिला प्रश्न पुन्हा तोच येणार : वर्णन?

म्हणून म्हणतो, सगळी गाडी ओळखीपाशी येऊन थांबते. कॅनडाचा रॉक गिटारवादक रँडी बॅकमनचं उदाहरण घ्या. नारिंगी रंगाची 1957 ची ग्रेच कंपनीची 6120 गिटार, पोरवयात पैसे साठवून घेतलेली. 1976 मध्ये टोरोंटोतल्या हॉटेलमधून ती गेली. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं पत्ता नाही. 2020 मध्ये एका चाहत्याने जुन्या चित्रीकरणातली ती गिटार आणि इंटरनेटवरचे त्या मॉडेलचे फोटो ताडून पाहायला घेतले. लाकडात एक बारीकशी गाठ होती, तिच्या खुणेवरून ती सापडली. जपानमधल्या एका संगीतकाराकडे होती, त्याला ती चोरीची आहे हे ठाऊकही नव्हतं. 1 जुलै 2022 ला टोकियोत बॅकमनने त्याला त्याच वर्षाची तशीच दुसरी ग्रेच दिली आणि स्वतःची परत घेतली. कुलपाने काही केलं नाही, गाठीने केलं. लाकडाची रेघ खोटी करता येत नाही.

सिरियल नंबरावर विसंबू नका हे मी लेखात लिहिलं होतं आणि तुम्ही ते ‘घाबरवणं’ म्हणालात. तुम्हीच सांगा, फेंडर कंपनीच्या 1976 पूर्वीच्या बहुतेक गिटारींवर नंबर कुठे असतो? नेक जिथे गिटारीला जोडलेला असतो तिथल्या मागच्या धातूच्या पट्टीवर. चार स्क्रू काढले की नंबर बदलला. कागदी लेबल सोलता येतं. मार्टिन कंपनीच्या गिटारीचा नंबर साउंडहोलमधून, म्हणजे मधल्या गोल भोकातून, आत डोकावलं की नेकच्या बुडाशी असलेल्या लाकडी ठोकळ्यावर कोरलेला दिसतो, तो बरा. 1977 ते साधारण 2005 पर्यंतच्या गिब्सन कंपनीच्या बहुतेक गिटारींच्या आठ अंकी नंबरात पहिला आणि पाचवा अंक वर्षाचा, मधले तीन वर्षातल्या दिवसाचे. त्यामुळे कुणी मनाने नंबर ठोकला आणि दिवस 400 वा निघाला तर तिथेच पकडला जातो. नंबर लिहून ठेवाच, पण त्याच्या शेजारी फोटो हवेत. तिरप्या उजेडात हेडस्टॉकची मागची बाजू, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजजवळच्या लाकडाच्या रेघा, प्रत्येक खोच आणि ओरखडा, खुंट्या बदलल्या असतील तर जुन्या स्क्रूंची भोकं. हे सगळं घरातल्या लॅपटॉपवर ठेवू नका, माझ्या चोराने लॅपटॉपही नेला होता.

ब्लूटूथ ट्रॅकरबद्दल खाली दोघातिघांनी विचारलंय, म्हणून जाता जाता. लावा, पण केसमध्ये नको, केस पहिल्या वळणावर फेकली जाते. इलेक्ट्रिकच्या मागच्या खोबणीत तांब्याच्या पत्र्याचं शील्डिंग असेल तर सिग्नल तिथेच गुदमरतो. आणि अनोळखी ट्रॅकर आपल्यासोबत फिरतोय अशी सूचना आजकाल फोन स्वतःहून देतात. ती सोय पाठलाग होणाऱ्या माणसासाठी आहे आणि योग्यच आहे, पण चोरालाही ती मिळते. म्हणजे हाती काही तास आहेत असं धरून चाला.

चोरांना शिकवण्याबद्दल एवढंच म्हणेन, की प्लास्टिकचा प्लग उपटतो हे चोराला माझ्या आधीपासून माहीत आहे. माहीत नसतं ते मालकाला. चोराला खरी माहिती आपण कुठे पुरवतो, तर अख्ख्या भिंतीचा फोटो खिडकीसकट टाकून, खाली ‘चार दिवस दौऱ्यावर’ असं लिहून. माझाही तसा एक फोटो होता. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर शोधून काढला आणि उडवला, त्याबद्दल आभार.

आता एक विचारायचं आहे. नेकला स्क्रू असलेली गिटार तुमच्या टेबलावर येते तेव्हा तुम्ही नेक काढता. त्या खोबणीत पेन्सिलने टाकलेली तारीख, नेकच्या टाचेवरचा शिक्का, कुणीतरी कधीतरी घातलेली पत्र्याची चकती, आवाजाच्या बटणाखालच्या पॉटवरचे तारखेचे आकडे, हे सगळं मालकाने आयुष्यात पाहिलेलं नसतं आणि चोरही बदलायला जात नाही. तुम्ही ते दर वेळी पाहता. कामाच्या आधी त्याचे दोनचार फोटो काढून बिलासोबत मालकाला पाठवता का? आणि अनोळखी माणूस गिटार घेऊन आला तर नंबर वहीत उतरवून घेता का? घेत असाल तर कसं, तेवढं लिहा. लेखात तुमच्या शब्दांत घालतो, सिलिका जेलचं वाक्य होतं त्याच जागी.