‘हेडफोन वर्षभरच टिकतो’ म्हणे! फिरत्या मेसेजला एकेक मुद्दा घेऊन उत्तर

सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गाभा असा: हेडफोन असो की इअरबड, आयुष्य एकच वर्ष. कंपन्या मुद्दाम तसाच बनवतात, म्हणून तर वॉरंटी वर्षाची. तेव्हा स्वस्तातला घ्या, बिघडला की फेका. आणि त्यापुढे चालवायचाच असेल तर हे नियम पाळा: बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, नवा आणला की पहिल्या दिवशी आठ तास चार्ज करा, फास्ट चार्जर लावू नका, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा, भिजला तर तांदळात पुरा, वायरवाला असेल तर मोबाईलभोवती घट्ट गुंडाळा. शेवटी नेहमीप्रमाणे, ‘सर्वांना पाठवा’.

मी नवी पेठेत दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. लोक आता हा मेसेज उघडूनच समोर धरतात. “मालक, वर्ष झालं की, आता गेलाच म्हणायचा ना?” प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

‘आयुष्य एकच वर्ष.’ अख्खा हेडफोन एकदम कधी मरत नाही, त्याचा एखादा भाग मरतो. कुठला, ते आधी बघायचं. आवाज काढणारा ड्रायव्हर, म्हणजे आतली कॉइल आणि पातळ पडदा, फाजील आवाजात झोडपला नाही तर कित्येक वर्षं चालतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा हेडफोन १९९१ मध्ये आला, सेनहायझरचा एचडी २५ त्याआधी, १९८८ मध्ये. स्टुडिओवाले आजही ते वापरतात. कानाची गादी, वायर असं जे झिजेल ते बदलतात आणि पुढे चालू. वॉरंटी म्हणजे कंपनी किती दिवस जबाबदारी घेते तेवढंच. छताच्या पंख्याची वॉरंटी दोन वर्षांची असली म्हणून तिसऱ्या वर्षी कोणी पंखा उतरवत नाही.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्याचा राग रास्त आहे, तो म्हणजे बिनवायरचे छोटे इअरबड. त्यांच्या आतली लिथियम बॅटरी साधारण ४० ते ६० एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), शेंगदाण्याएवढी. अशी बॅटरी ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. रोज एकदा पूर्ण संपवली तर वर्ष-दीड वर्षात फरक जाणवणारच. पण ८० टक्के म्हणजे पाच तास चालणारा चार तास चालतो, एवढंच. त्याला ‘गेला’ म्हणत नाहीत. खरी अडचण अशी की बहुतेक इअरबड गोंदाने बंद केलेले असतात. उघडताना कवचच फुटतं, त्यामुळे बॅटरी बदलायचं काम आम्ही सहसा घेत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढून बदलता यायला हवी. आपल्याकडे येणाऱ्या मालावर त्याचा किती परिणाम होतो, ते बघायचं.

तोवर माझा सल्ला साधा. टिकाऊपणा हवा असेल तर गळ्यात घालायचा नेकबँड किंवा डोक्यावरचा मोठा हेडफोन घ्या. त्यांची बॅटरी बहुधा दोन-तीन तारांवर असते. उघडा, त्याच मापाची आणि संरक्षक सर्किट (बॅटरीला जास्त भरण्या-संपण्यापासून वाचवणारं) असलेली नवी बॅटरी डाखा, म्हणजे सोल्डर करा, झालं.

‘पूर्ण संपवूनच चार्ज करा’ आणि ‘पहिल्या दिवशी आठ तास’. ही दोन्ही पथ्यं निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली. लिथियमचं गणित उलटं आहे. तिला शून्यापर्यंत ओढणंच जास्त झिजवतं. आज अर्धी वापरून भरली, उद्या अर्धी वापरून भरली, तर दोन्ही मिळून एकच चार्जिंग मोजलं जातं. इअरबडचा चार्जिंगचा डबा भरला की तो करंट घेणं थांबवतो, मग आठ तास लावा नाहीतर अठरा. खरा घात वेगळ्याच सवयीने होतो. परीक्षा आली म्हणून पोरगा संपलेले बड ड्रॉवरमध्ये टाकतो आणि सुट्टीत बाहेर काढतो. तोवर बॅटरी इतकी खाली गेलेली असते की संरक्षक सर्किट तिला चार्जच घेऊ देत नाही. महिनाभर लागणार नसेल तर अर्धा भरून ठेवा.

‘उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा.’ हा मुद्दा निघाला तो सोलापूरच्या उन्हामुळे, आणि उन्हाची भीती खोटी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. लिथियम बॅटरी पूर्ण भरून २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवली तरी साधारण २० टक्के क्षमता कायमची जाते, ४० अंशांत सुमारे ३५ टक्के. तीच बॅटरी ४० टक्के भरून ठेवली तर २५ अंशांत फक्त ४ टक्के आणि ४० अंशांत १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ऊन आणि पूर्ण चार्ज एकत्र आले की नुकसान मोठं. गाडीच्या डिकीत, कारच्या काचेखाली किंवा खिडकीच्या उन्हात चार्जिंगला लावलेला डबा हे सगळ्यात वाईट. फ्रीज हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. थंड डबा बाहेरच्या हवेत काढला की आत दव धरतं, ते चार्जिंगच्या पिनांवर आणि सर्किटवर बसतं. भिंतीतलं कपाट पुरे.

‘फास्ट चार्जर लावू नका.’ डबा हवा तेवढाच करंट ओढतो, चार्जर ६७ वॉटचा असला तरी जबरदस्ती करत नाही. नकली चार्जरची भीती बाळगा, वॉटची नको. इथे एक गंमत आहे. ‘डबा चार्जच होत नाही’ म्हणून येणाऱ्या काही स्वस्त डब्यांना काहीच झालेलं नसतं. दोन्ही टोकांना सी पिन असलेल्या केबलवर ते चार्ज होत नाहीत, कारण चार्जरला ‘करंट दे’ असा इशारा देणारे दोन बारीक रेझिस्टर बनवणाऱ्याने वाचवलेले असतात. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी पिन असलेली केबल लावली की दिवा लागतो. एकच बड चार्ज होत नसेल तर आधी पिना कोरड्या कापसाने पुसून बघा, घामाचा थर असतो.

‘तांदळात पुरा.’ नको. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, वर त्याची भुकटी जाळीत जाते. बंद करा, पुसा, पंख्याखाली ठेवा, पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

यावरून आठवलं. पाणी-धुळीपासून किती बचाव होतो ते सांगणारं खोक्यावरचं ‘आयपीएक्स४’ वाचून लोक निर्धास्त होतात. त्यातला चार म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील, आणि एक्स म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. आपल्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्यांसाठी हा एक्स महत्त्वाचा. चादर-टॉवेलच्या कारखान्यातला सुताचा बारीक कचरा कानातल्या मळाला चिकटतो, जाळी बुजते आणि आवाज बसतो. माणूस म्हणतो, स्पीकर उडाला. सिलिकॉनची टोपी काढून, जाळी खाली धरून मऊ ब्रशने झाडली की बऱ्याचदा आवाज परत येतो. टाचणी घालू नका, पडदा फाटतो. अशा ठिकाणी आयपी५४ किंवा आयपी५५ बघून घ्या, त्यातला पहिला पाच धुळीचा. आणि खरं तर मागाच्या खडखडाटावर गाणी ऐकूच नका. तिथला आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, त्यावर मात करायला व्हॉल्यूम टोकाला न्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. हेडफोनच्या आधी कान जाईल.

‘वायर घट्ट गुंडाळा.’ वायरचे हेडफोन मरतात ते बहुतेक याच सल्ल्याने. आत केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारा असतात, त्या जॅकच्या मानेपाशी आणि वायर दोन फांट्यांत फुटते तिथे तुटतात. सैल, मोठे वेढे घ्या आणि उपटताना वायर नको, जॅक धरा. गाण्यात वाद्यं वाजतायत पण गायक गायब, असं झालं तर समजा सामाईक अर्थची, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून परतीची तार तुटलीय: दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांना खातो आणि मधला गळा नाहीसा होतो. नवा जॅक डाखला की गायक हजर. घरी करणार असाल तर तारांवरचं रंगीत लाखेचं वेष्टन सोल्डरिंगच्या कावियाने जाळून आधी कथील चढवा, नाहीतर डाख बसूनही आवाज येणार नाही.

कानाच्या गादीबद्दल मेसेजात अवाक्षर नाही, आणि मोठ्या हेडफोनचं पहिलं तेच जातं. ते बहुधा चामडं नसतं, पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक असतं. दमट हवा, उष्णता, घाम आणि डोक्याचं तेल यांनी त्याचे पापुद्रे निघतात. वापरून झालं की ओलसर फडक्याने पुसा. त्यावर सॅनिटायझर नको. बऱ्याच मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात.

राहिलं ‘बिघडला की फेका’. घंटागाडीत तर अजिबात टाकू नका. कचरा दाबताना लिथियम बॅटरी चेपली की पेट घेऊ शकते. फुगलेली दिसली तर टोचू नका, चार्जिंगला लावू नका, वेगळी ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. वायरवाला असेल तर जॅक कापून फेकण्याआधी एकदा टेबलावर आणा.