चौक कशाला?

आज एका आर्किटेक्चर कॉलेजात जुरीला, म्हणजे मुलांची डिझाइन्स तपासायला, गेलो होतो. घरी येऊन दोन तास झाले, डोकं अजून शांत होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

थर्ड इयरची मुलगी. लातूरकडच्या तिच्याच गावासाठी वाचनालय. शीट्स देखण्या, कॉम्प्युटरवर केलेला रेंडर तर बघत राहावा असा. इमारतीच्या मधोमध वाड्यात असतो तसा उघडा चौक. विचारलं, चौक कशाला? म्हणाली, "सर, पिंटरेस्टवर रेफरन्स होता." दुपारी दोनला ऊन कुठे असेल? गप्प. पावसाचं पाणी कुठून जाईल? गप्प. शेजारचे परीक्षक म्हणाले, जाऊ द्या हो, प्रेझेंटेशन छान आहे. प्रेझेंटेशन!

सेकंड इयरला असताना मी वाईला एका वाड्याचं मेजर्ड ड्रॉइंग, म्हणजे मापं घेऊन नकाशे, करायला गेलो होतो. टेप धरून खांबांमधली अंतरं घेत होतो. घरातल्या आजी सूप घेऊन डाळ निवडत होत्या. थोड्या वेळाने उठून दोन हात सरकल्या. मग परत. म्हटलं, आजी, माझी अडचण होतेय का? म्हणाल्या, "तुझी कसली रे, ऊन सरकतंय." सकाळी ओसरी, भर दुपारी माजघर, चारनंतर चौकात तुळशीपाशी. दिवसभर त्या उन्हाच्या हिशोबाने घरभर फिरत होत्या आणि मी प्लॅनवर नुसती खोल्यांची नावं लिहीत होतो.

फोटोत ते सूप सरकत नाही हो! फोटोत घाम येत नाही, भिंतीला ओल येत नाही. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादला 'संगाथ' हे आपलं ऑफिस अर्धं जमिनीत घातलं, वरच्या गोल छपरांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवले, ते तिथल्या उन्हाला तोंड द्यायला. पोरं नुसता गोल आकार उचलतात आणि कोकणात नेऊन ठेवतात.

मान्य, आम्हीही परदेशी मासिकांतून उचलायचो. मान्य, सगळ्यांना अहमदाबादला जाऊन बघणं परवडत नाही. पण नवी मुंबईत बेलापूरला हार्बर लोकल जाते ना? तिथली आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची वसाहत, आर्टिस्ट्स व्हिलेज, बघा. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही, कारण ज्याला त्याला आपलं घर पुढे वाढवता यावं. लोकांनी वाढवलीही, काहींनी पाडून नवी बांधली. आपल्यातलेच काही जण त्यावर नाकं मुरडतात. मी मात्र मूळ ड्रॉइंगपेक्षा त्या बदललेल्या घरांकडून जास्त शिकलो. तिथल्या एका पायरीवर तासभर बसलो होतो, तेव्हा पुन्हा वाईचं सूपच आठवत होतं.

जुरी संपल्यावर ती मुलगी जिन्यात भेटली. डोळे लाल. म्हटलं, गावी घर कसं आहे तुमचं? म्हणाली, "आजीचं माळवद आहे सर, दगडमातीचं, वर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडं आतच झोपायचो, गार असतं. छताला साणं आहे, त्यातून उजेड येतो." मग जरा थांबून, "पण ते काय डिझाइन आहे का?"

मला काही बोलताच येईना. तीन वर्षं फी भरून ही पोर शिकतेय आणि आजीच्या घराबद्दल तिला आमच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही. मीसुद्धा चारचौघांत तिला चौकावरून झापलं, घराचं विचारलं ते जिन्यात. हो, १९९३ला किल्लारीच्या भूकंपात अशीच दगडमातीची घरं माणसांच्या अंगावर कोसळली. म्हणून तर ती आणखी नीट समजून घ्यायला हवीत, आणि ते काम तिच्याइतकं कोण करणार?

दिवाळीला गावी जाणार आहे म्हणाली. म्हटलं, टेप ने, पण पहिले दोन दिवस पिशवीतून काढू नकोस. आजी सकाळी कुठे बसते, दुपारी कुठे, तेवढंच लिहून आण.