थांब्याचा प्रश्न खासदाराने नाही मांडायचा तर कोणी मांडायचा?

नमस्कार. तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत म्हणून उत्तरही सविस्तरच देतोय. आधीच्या लेखात मी म्हटलं होतं की लोकसभेत उभं राहून एक्सप्रेसचा थांबा, पोस्टातली रिकामी पदं, ईपीएस-९५ ची (पीएफ कापला जातो त्या कामगारांच्या योजनेची) पेन्शन असले विषय काढणारे खासदार मला मोलाचे वाटतात. त्यावर तुमचं म्हणणं असं की ही नगरसेवकाची कामं झाली, खासदाराने देशाचे कायदे करावेत, आणि तसंही दोन मिनिटं बोलून कोणी दाद देत नाही, क्लिप कापून व्हॉट्सॲपवर फिरवायला बरी पडते एवढंच. पेन्शनचं उदाहरण देऊन तुम्ही विचारलंत, इतक्या जणांनी विचारलं, वाढली का?

आधी नगरसेवकाचं बघू. गटार तुंबलं, रस्त्यावरचा दिवा गेला, ही त्याचीच कामं, त्यात वादच नाही. पण रेल्वे, पोस्ट, टेलिकॉम, बँका, राष्ट्रीय महामार्ग हे सगळं घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत आहे. गाडी तुमच्या स्टेशनवर थांबणार की नाही हे नगरपालिका ठरवत नाही आणि मुंबईतलं राज्याचं मंत्रालयही ठरवत नाही, रेल्वे ठरवते, आणि ती उत्तर द्यायला बांधील आहे संसदेला. आमदाराने विधानसभेत घसा फोडून सांगितलं तरी राज्य सरकार फार तर शिफारशीचं पत्र पाठवेल. कोविडमध्ये गाड्या बंद पडल्या आणि परत सुरू झाल्या तेव्हा कित्येक छोट्या स्टेशनांवरचे थांबे गेले होते. वेळापत्रकात ती फक्त एक ओळ कमी झाली, पण सकाळच्या गाडीने कॉलेजला जाणारी पोरं, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जिल्ह्याच्या गावी जाणारा पेशंट, भाजीचे हारे घेऊन चढणाऱ्या बायका, यांचा अख्खा दिवस त्या दोन मिनिटांच्या थांब्यावर अवलंबून असतो हो. तो परत मिळवायला त्यांनी निवडून दिलेला एकच माणूस दिल्लीत बसलेला आहे, मग त्याने तिथे ते बोलायचं नाही तर काय बोलायचं?

आणि असले विषय छोटे म्हणाल तर कोकण रेल्वे आठवा. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी ती मागणी लोकसभेत लावून धरली, १९७१ मध्ये ते गेले, त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून मधू दंडवते निवडून आले आणि त्यांनीही ती सोडली नाही. कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं १९९० मध्ये, आणि रोह्यापासून मंगळूरपर्यंत पूर्ण मार्ग सुरू व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंची फोम बसवायला घेतला, आज स्लीपरने जाणाऱ्या कोणालाही तो वेगळा जाणवत पण नाही. ज्याला मतदारसंघातल्या माणसांचा प्रवास ठाऊक असतो त्यालाच हे सुचतं असं माझं मत आहे.

कायदे करण्याचं म्हणाल तर तिथे एकट्या खासदाराच्या हातात खरंच किती आहे बघा. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं, म्हणाल तर आजवर फक्त १४ मंजूर झालीत आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. विधेयकावरच्या चर्चेत बोलायला मिळतो तो वेळही पक्षाच्या वाट्यातला, कोणाला किती ते पक्षच ठरवणार. म्हणजे आपल्या लोकांसाठी स्वतःच्या मनाने तोंड उघडता येईल अशा जागा थोड्याच, प्रश्न, शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडायची वेळ) आणि लोकसभेचा नियम ३७७. त्याही सोडून द्या म्हटलं तर तो तिथे नुसता बटण दाबायला जाणार का?

आता 'कोणी दाद देत नाही' या मुद्द्यावर जरा जास्त बोलतो, कारण इथे बरेच लोक सगळं एकाच मापाने मोजतात. शून्य प्रहरात बोललं तर मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं, तेवढं तुमचं बरोबर आहे. पण नियम ३७७ खाली आठवड्यातून एक विषय मांडता येतो, मजकूर २५० शब्दांच्या आत, आधी मंजूर करून घेतलेला, आणि तो मग संबंधित मंत्रालयाकडे जातो, मंत्रालयाने महिनाभरात सदस्याला लेखी उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. प्रश्नांचं तर अजून पक्कं आहे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. तारांकितातल्या मोजक्याच प्रश्नांवर तोंडी उत्तरं होतात कारण तास संपतो, पण लेखी उत्तर सगळ्यांना द्यावंच लागतं, आणि ते चुकीचं निघालं तर मंत्र्याला सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं.

हे लेखी उत्तर हाताशी असणं काय असतं ते ज्याने सरकारी कचेरीत हेलपाटे मारलेत त्याला विचारा. तोंडी सांगतात तेव्हा 'वरून आलं नाही', 'बघू', 'करतोय', कशालाच शेंडा बुडखा नसतो. पटलावरच्या उत्तरात (क) ते (घ) करून कारण लिहिलेलं असतं, खाली परिशिष्टात राज्यवार, कधी जिल्हावार तक्ता असतो, आणि एकदा ते तिथे आलं की कोणीही छापून काढून पुढच्या मीटिंगमध्ये समोर ठेवू शकतो. मंत्री 'विषय विचाराधीन आहे' किंवा 'माहिती गोळा केली जात आहे' असं म्हणाला तर ते सुद्धा वाया जात नाही, संसदेच्या व्यवहारात असली वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याचा पाठपुरावा करायला १९५३ पासून लोकसभेची शासकीय आश्वासन समिती आहे. तीन महिन्यांची मुदत सर्रास वाढवून घेतात, त्याचा मलाही राग येतो. पण वाढवून तरी घ्यावी लागते! प्रश्नच विचारला नसता तर मागायला काहीच नव्हतं.

क्लिपवाल्यांबद्दल तुमच्याशी मी भांडणार नाही. गावातला नळ, पोलीस चौकी हे राज्याचे विषय दिल्लीत मांडून फोटो काढणारे आहेत, प्रश्नांची संख्या वाढवायची म्हणून एकसारखे प्रश्न टाकणारेही आहेत, आणि २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून ११ खासदारांना संसदेने काढून टाकलं ते कोण विसरेल. म्हणून मी किती वेळा बोलला ते बघतच नाही. शून्य प्रहरात बोलल्यावर त्याच विषयावर पुढे अतारांकित प्रश्न टाकला का, उत्तर आलं त्यातला कच्चा दुवा धरून परत विचारलं का, केंद्राच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या जिल्ह्याच्या दिशा समितीत, जिचा अध्यक्ष खासदारच असतो, अधिकाऱ्यांसमोर तो कागद ठेवला का, एवढं बघा. संसदेच्या वेबसाईटवर सदस्याच्या नावाने सगळं सापडतं, अर्धा तास पुरतो.

राहिली पेन्शन. एसटी, साखर कारखाने, दूध संघ यातून रिटायर झालेली हजारो माणसं ईपीएस-९५ मध्ये आहेत. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली आणि पुढे दहा वर्षं उलटली तरी ती तेवढीच राहिली, तुमचा संताप अगदी रास्त आहे, माझाही तोच आहे. पण या विचारण्यातून काय हाती लागलं ते पण बघा. सरकारचं कारण लेखी आलं: फंडात मालकाचे ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के जमा होतात, तेही १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर, आणि मूल्यांकनात फंडाला तूट दिसते. म्हणजे खरी गाठ कुठे आहे ते कळलं. पेन्शनरांच्या संघटना आता नुसतं 'वाढवा' म्हणत नाहीत, पगाराची मर्यादा आणि केंद्राचा हिस्सा दोन्हीवर बोट ठेवतात. १५,००० ची मर्यादा २०१४ पासून तीच का आणि १.१६ टक्के वाढवायला अडचण काय, हे तुमच्या खासदाराला पुढच्या अधिवेशनात विचारायला लावा. नोटीस निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच जाऊन भेटा, आणि प्रश्न कागदावर लिहूनच न्या.