सर्च बॉक्स यादीच्या डोक्यावरच हवा

गेल्या लग्नसराईत भर दुपारी येळ्ळूरचे एक गृहस्थ दुकानात आले, काउंटरवर पिशवी ठेवली आणि म्हणाले, “मास्तर, थोरल्या लेकीची पत्रिका तुम्हीच केलासा की वो. तसलीच करा धाकटीची, नावं तेवढी बदला.” थोरलीचे लग्न नेमक्या कोणत्या वर्षी झाले, हे त्यांना चटकन आठवेना आणि मला आठवण्याचा प्रश्नच नव्हता. बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून देण्याच्या, दुकानात लग्नपत्रिकांच्या चार हजारांच्या आसपास फाइली आहेत. एका कार्याच्या निदान दोन फाइली होतात, एक मराठी आणि एक कन्नड, कारण सोयरीक हुक्केरी-गोकाककडे जुळली की पाहुण्यांसाठी कन्नड पत्रिका लागतेच. माझा दिवस फाइली शोधण्यात जातो, त्यामुळे फाइल मॅनेजरमधला, म्हणजे संगणकातले फोल्डर आणि फाइली दाखवणाऱ्या प्रोग्राममधला, झटपट शोधाचा बॉक्स कुठे असावा, हा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या पोटापाण्याचा आहे.

माझे मत असे आहे की हा बॉक्स ज्या यादीतून तो निवड करतो त्या यादीच्या लगेच वर, ‘नाव’ या रकान्याच्या डोक्यावर, डावीकडे असला पाहिजे. विंडोच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, बंद करण्याच्या फुलीखाली तो ठेवणे मला पटत नाही. बॉक्स कुठे आहे यावरून तो काय धुंडाळणार आहे, हे वापरणाऱ्याला न सांगता कळले पाहिजे. यादीला चिकटलेला बॉक्स यादीपुरता असतो, अशी आपली सहज समजूत होते. कोपऱ्यातला बॉक्स मात्र समोरची यादी शोधतो, तिच्या पोटातले सगळे फोल्डर शोधतो की अख्खा संगणक शोधतो, हे वापरून पाहिल्यावरच कळते.

याची किंमत मी मोजली आहे. चालू कामांच्या फोल्डरमध्येच ‘जुन्या’ नावाचा फोल्डर ठेवण्याची मला वाईट सवय होती, आणि तेव्हा दुकानात जो फाइल मॅनेजर होता, त्याचा कोपऱ्यातला बॉक्स पोटातल्या फोल्डरांतही शिरत असे. मी आडनाव टाकले, पहिली आलेली फाइल उघडली, वधूवरांची नावे बदलली आणि छापायला दिली. ती फाइल चालू नव्हती, दोन वर्षांपूर्वीची त्याच घरातली होती, आणि तिच्यात मुहूर्त जुनाच राहिला होता. तीनशे पत्रिका रद्दीत गेल्या. डोळ्यांनी तपासायला हवे होते, ही चूक माझीच. पण मी समोरच्या यादीत शोधतो आहे असे मला वाटत होते आणि ते तसे नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

ही जागा कायम कोपऱ्यातच होती, असेही नाही. १९८६ साली आलेल्या नॉर्टन कमांडर या फाइल मॅनेजरमध्ये फाइलींच्या याद्यांची दोन पॅनेल शेजारी शेजारी असत, तळाला आज्ञा टाइप करायची कमांड लाइन असे, आणि ऑल्ट दाबून अक्षरे टाइप केली की निवड त्या नावावर उडी घेत असे. विंडोज एक्सपीमध्ये शोध डाव्या बाजूच्या पट्टीत होता आणि तिथे शेपूट हलवणारा एक कुत्रा बसलेला असे, जो आमच्या दुकानातल्या पोरांना शोधापेक्षा जास्त आवडायचा. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजच्या एक्सप्लोरर या फाइल मॅनेजरचा बॉक्स वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि आजही तिथेच आहे. मॅकच्या फाइंडर या फाइल मॅनेजरचा शोधही उजवीकडेच असतो, आणि मुळात तो अख्खा मॅक शोधतो. चालू फोल्डरपुरता शोध हवा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तसे सांगावे लागते.

या सगळ्यात दोन वेगळी कामे एकाच नावाखाली मिसळली गेली आहेत, आणि बॉक्सच्या जागेवरचे बहुतेक वाद तिथूनच उपजतात. पहिले काम उडी मारण्याचे आहे: यादी आहे तशीच राहते, मी ‘पा’ टाइप करतो आणि निवड पाटीलवर जाते. दुसरे काम चाळण्याचे आहे: जुळणारी नावे उरतात आणि बाकीची दृष्टीआड होतात. उडी मारण्यासाठी बॉक्स कुठेही असला तरी चालते, कारण डोळे यादीवरच असतात. लिनक्सवरच्या थुनार या फाइल मॅनेजरमध्ये टाइप करू लागले की उजव्या तळाशी एक इवलीशी चौकट उगवते, ती मला कधी खटकली नाही. चाळताना मात्र उरलेली नावे यादीच्या माथ्याशी गोळा होतात. चार हजारांतली पाच उरली तर ती पाचही वरच्या दोन बोटांच्या जागेत असतात. त्यामुळे चाळणीचा बॉक्स तळाला ठेवला की टाइप केलेले एका टोकाला आणि सापडलेले दुसऱ्या टोकाला, अशी मान खाली-वर करावी लागते.

मी स्वतः बरीच वर्षे तळाच्या बाजूचा होतो, हे कबूल केले पाहिजे. लिनक्सवरच्या केडीईच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरच्या माझ्याकडील आवृत्तीत कंट्रोल-आय दाबले की चाळणीची पट्टी तळाला येते आणि कंट्रोल-एफने खरा शोध वरती उघडतो. चाळायचे खाली आणि शोधायचे वर, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटली होती, आणि विभागणी म्हणून ती आजही वाटते. पट्टी उघडल्यावर यादी वरून ढकलली जात नाही, हाही तळाच्या जागेचा मोठा गुण आहे. पण दिवसाला शंभर वेळा चाळायचे असेल तर डोळ्यांची ती ये-जा संध्याकाळी जाणवते, आणि त्या अनुभवापोटीच मी बाजू बदलली.

उजव्या कोपऱ्याच्या समर्थनार्थ असे सांगतात की पडद्याच्या कडेला माउस नेणे सोपे असते, कारण बाण कडेला आपोआप अडतो. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्सने १९५४ साली मांडलेला नियम असा की लक्ष्य जितके लांब आणि जितके लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त लागतो. हा नियम इथे कोपऱ्याच्या विरोधातच जातो. बॉक्सच्या वर विंडोची शीर्षकपट्टी असते, त्यामुळे तो कडेला टेकत नाही, आणि माझा साडेएकवीस इंची मॉनिटर दीड फुटाहून जरा जास्तच रुंद आहे. फाइलींची नावे त्याच्या डाव्या भागात आणि बॉक्स उजव्या टोकाला, म्हणजे प्रत्येक शोधाला सगळे मैदान ओलांडायचे. मॉनिटरची रुंदी उंचीच्या पावणेदोन पट झाली तेव्हा रुंदी उतू जाऊ लागली आणि उंचीची टंचाई झाली, म्हणून बॉक्ससाठी नवी ओळ मागणेही चूक ठरेल. ‘नाव’ हे शीर्षक जिथे असते, तीच ओळ वापरावी.

आता कोणी म्हणेल की बॉक्स दिसायलाच कशाला हवा, टाइप केले की उगवू दे. इंग्रजीत टाइप करणाऱ्याला ते चालेल. आमच्याकडे गोष्ट वेगळी आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकात प्रत्येक कळ थेट एक अक्षरचिन्ह देते, त्यामुळे फारसे अडत नाही; पण माझ्याकडची मुलगी रोमनमधून मराठी उमटवणारी पद्धत वापरते, आणि तिच्यात शब्द घडेपर्यंत अर्धा कच्चा असतो. तो कच्चा शब्द दिसायला जागा लागते. बॉक्स नसेल तर पहिली कळ यादीवर पडते, तिथून निवड भलत्याच इंग्रजी नावावर उडते, आणि मग उरलेला शब्द बॉक्समध्ये उतरतो तो पहिल्या अक्षराविना. ‘म्हात्रे’ हवे असताना ‘हात्रे’ शोधत बसलेली मी तिला पाहिली आहे. आधी बॉक्स, मग अक्षर, हाच क्रम मराठीला मानवतो. एक्सप्लोररमध्ये फोल्डरच्या पर्यायांत ‘यादीत टाइप केल्यास ते सर्च बॉक्समध्ये जावे’ अशी निवड आहे, पण ती त्याच कोपऱ्यातल्या बॉक्सकडे पाठवते.

आमच्या भागात नावांचा घोळही मोठा आहे. जिल्ह्याचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले. माझ्या फाइलींत त्याचे रोमनमधले जुने रूप आहे, नवे रूप आहे, देवनागरीत बेळगाव आहे, बेळगावी आहे, आणि कन्नड लिपीतले आहे ते वेगळेच. कडोलीच्या साहित्य संमेलनाची निमंत्रणपत्रिका दर वर्षी निघते आणि दर वर्षी कोणी तरी फाइलला निराळे नाव देते. अशा ठिकाणी एका फटक्यात शोध लागत नाही; थोडे टाइप करायचे, उरलेले पाहायचे, एक अक्षर पुसायचे, पुन्हा पाहायचे, असे चार-पाच वेळा होते. म्हणूनच बॉक्स आणि यादीचा माथा यांत एका बोटापेक्षा जास्त अंतर नको, यावर माझा इतका भर आहे.

टोटल कमांडर किंवा डबल कमांडरसारख्या दोन पॅनेलच्या फाइल मॅनेजरांत तर विंडोला एकच बॉक्स देणे सरळ चूक आहे. डावीकडे चालू कामे आणि उजवीकडे पेनड्राइव्ह उघडा असेल, तर कोपऱ्यातला बॉक्स आपसूक पेनड्राइव्हच्या डोक्यावर येतो आणि शोधतो मात्र डावीकडे. तिथे प्रत्येक पॅनेलला स्वतःचा बॉक्स हवा. अख्ख्या डिस्कचा, मजकुरातला किंवा तारखेवरून करायचा शोध खुशाल वर टूलबारमध्ये राहू द्यावा. ते काम दिवसातून एकदाच निघते आणि त्यासाठी हात लांब नेण्यात माझी काही तक्रार नाही.

येळ्ळूरच्या त्या गृहस्थांचे काम शेवटी असे झाले: त्यांच्या आडनावाने चाळल्यावर एकवीस फाइली उरल्या, गाव जोडल्यावर सहा. मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला, वरून तिसऱ्या नावावर बोट टेकवले आणि म्हणाले, “ही बगा, ही आमच्या सुनंदीची.” त्या फाइलच्या नावात सुनंदा हा शब्दच नव्हता, त्यांनी जावयाचे आडनाव ओळखले होते.