ओतणे, ओतीव आणि ओतप्रोत

काही दिवसांपूर्वी एका लेखाचे मुद्रितशोधन करताना ‘या ओळींत कवीने भावना ओतप्रोत ओतल्या आहेत’ असे वाक्य समोर आले आणि पेन्सिल तिथेच थांबली. ‘ओतणे’ आणि ‘ओतप्रोत’ एकाच कुळातले आहेत, हा समज चांगल्या लिहित्या माणसांतही पक्का बसला आहे, आणि त्यामुळे दोन्ही शब्दांवर अन्याय होतो असे मला मनापासून वाटते.

‘ओतप्रोत’ हा मागावरचा शब्द. संस्कृतातील ‘वे’, म्हणजे विणणे, या धातूचे ‘उत’ हे रूप. त्याला ‘आ’ लागून ‘ओत’ झाले आणि ‘प्र’ लागून ‘प्रोत’. उभ्या-आडव्या धाग्यांनी एकमेकांत विणले गेलेले, ते ओतप्रोत. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते, की हे सर्व जर पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? इथे पाणी आहे म्हणून ‘काठोकाठ भरलेले’ असा अर्थ घेतला, तर प्रश्नाचा जीवच जातो. धागा धाग्याच्या आधाराने टिकतो, तर या विणीचा शेवटचा आधार कोणता, हे तिला हवे आहे.

‘ओतणे’ची जात वेगळी. सांडते ते हातून निसटते, शिंपडलेले विखुरते. ओततो ते मात्र नेमक्या जागी जावे म्हणून. म्हणूनच हे क्रियापद धातुकामात इतके शोभते. ओतारी वितळलेल्या रसावरची मळी बाजूला सारतो, साचा पुरता कोरडा आहे ना हे पाहतो, कारण आत ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होऊन तापलेला रस उसळतो. मग मूस कलती करून, धार तुटू न देता तो साचा भरतो. धार मध्येच तुटली, तर आधी पडलेला थर निवू लागतो, मागून आलेला त्याच्याशी एकजीव होत नाही आणि वस्तूत कायमचा कच्चा सांधा राहतो. ठोकून केलेली वस्तू घडीव, अशी केलेली ओतीव. ‘ओतणे’चा मला सर्वांत श्रीमंत वाटणारा अर्थ हाच.

आपण रोज वापरतो तो ‘फॉन्ट’ शब्दही ओतण्यातूनच आला आहे. फ्रेंचमधील ओतकामाच्या शब्दावरून तो आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनचे ‘फुन्देरे’, म्हणजे ओतणे, आहे, कारण छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, शिशाच्या मिश्रधातूचे ओतले जात. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती अशाच सुबक देवनागरी खिळ्यांमुळे पसरली. ‘फुन्देरे’ आणि संस्कृतातील ‘हु’, ज्यातून होम, हवन, आहुती हे शब्द आले, यांचे मूळ भाषाशास्त्र एकच मानते. अग्नीत ओतणे, ही त्या ‘हु’ची मूळ क्रिया.

‘जीव ओतणे’ हा वाक्प्रचार म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. ओतणाऱ्याचे भांडे रिते होते, हे त्यात न सांगताच येते. ‘ओतप्रोत’मध्ये रिते होणारे कोणी नसते.

त्या वाक्यापाशी मी समासात दोन पर्याय लिहिले: ‘या ओळी भावनेने ओतप्रोत आहेत’ किंवा ‘कवीने या ओळींत जीव ओतला आहे’. लेखकाने दुसरा निवडला.