साडेसहा कार्डांचा रणगाडा

"नवीन वस्तू आणली की आधी करवतीने कापायची, ही कुठली रीत रे?" आईचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तरही होतं, पण ते ऐकायला ती थांबली नाही.

तर आमच्या ग्रुपमधे रविवारी बोल्ट अ‍ॅक्शन नावाचा फाशांचा युद्धखेळ चालतो, म्हणजे डायनिंग टेबलावर दुसरं महायुद्ध, बोटभरही नसलेले सैनिक आणि १:५६ स्केलच्या गाड्या. जो तो जर्मन नाहीतर अमेरिकन घेऊन बसतो, म्हटलं आपण आपले घेऊ, मार्च १९४५, बर्मातली मेइक्तिलाची लढाई, भारतीय सैन्याची रणगाड्यांची रेजिमेंट रॉयल डेक्कन हॉर्स, नावातच दख्खन, अजून काय पाहिजे. त्यांच्या शर्मन रणगाड्याचं किट मागवलं. आणि मग रात्री दीडला वाचताना कळलं की शर्मनचेही प्रकार असतात, आपल्या लोकांकडे होता एम४ए४ आणि माझ्या खोक्यात होता साधा एम४. ए४ मधे क्रायस्लरने मोटारीची पाच सहा-सिलिंडर इंजिनं एकमेकांना जोडून तीस सिलिंडरचं धूड बसवलं होतं (हा जुगाड पंजाबात नाही, अमेरिकेत झालाय), ते मावेना म्हणून गाडीच ११ इंच लांब केली. ११ इंच भागिले ५६, म्हणजे पाच मिलिमीटर. शहाणा माणूस इथे लाइट बंद करून झोपला असता.

मी कापला. आता मधे भरायला पाच मिलिमीटर प्लास्टिक हवं. डेबिट कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेसहा कार्डं. माझी एक्स्पायर झालेली दोन, बाबांचं एक, बंद पडलेल्या जिमचं एक, आत्याकडून दोन मागून आणली (तिने आधी त्यांचे फोटो काढून ठेवले, का ते विचारू नका) आणि सातवं पॉलिश पेपरवर घासत बसलो, निम्मं होईपर्यंत, दोन संध्याकाळी. कार्डं पीव्हीसीची आणि किट पॉलिस्टायरीनचं, त्यामुळे किटचा ग्लू त्यांना धरेना, मग सुपरग्लू आणि वर चिमूटभर खायचा सोडा, क्षणात दगड होतो. बोटासकट होतो. बाबांच्या कार्डाला चिकटलेली तर्जनी घेऊन मी अर्धा तास गरम पाण्यात बसलो होतो आणि बाबा शांतपणे म्हणाले, "पिन आठवतोय का बघ."

फटी एम-सीलने बुजवल्या. पण गाडी वाढली, पट्टा नाही वाढला! खऱ्या ए४ च्या पट्ट्याला ७९ ऐवजी ८३ कड्या असतात आणि माझ्याकडे दोन्ही बाजूंना भोक. चिखल थापून झाकलं असतं, पण मेइक्तिला बर्माच्या कोरड्या भागात, त्यात मार्च महिना, चिखल आणू कुठून? शेवटी टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात बुडवून ताडपत्री लोंबकळवली. प्रायमर मारला ऐन जुलैत, बाल्कनीत. शेजारच्या काकूंच्या चादरीबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

रविवारी टेबलावर ठेवला. कोणालाही काहीही कळलं नाही. "छान रंगवलायस," एवढंच.

मी तो बुटांच्या खोक्याच्या पॅगोडामागे नीट दडवला. त्या दिवशी जपानी तोफ घेऊन बसलेला समोरचा भिडू खाली वाकला, एक डोळा मिटला, आणि म्हणाला, "मागून थोडं दिसतंय की रे."

"किती?"

त्याने टेप लावली. "पाच एमएम असेल."

कव्हर, म्हणजे आडोसा, धरूनही त्याला फाशावर सहा पडले.