मस्टरवर हजर, डोक्याने गैरहजर

आमच्या ऑफिसात दरवर्षी मार्चअखेर रजांचा तक्ता फिरतो. कमी रजा घेणाऱ्यांत माझं नाव असतं आणि साहेब कौतुकाने मान डोलावतात. मला त्या तक्त्याचा भयंकर राग येतो.

मायग्रेनवाली बाई रजा घेत नाही, यावरून ती कामावर येते एवढंच कळतं. काम किती होतं ते विचारा की! भांडुपहून स्लो लोकलने करी रोड, गर्दीत कुणाच्या तरी गजऱ्याचा वास आधीच नाकात बसलेला, मग गोळी घेऊन खुर्चीत. एक्सेलचा तोच रकाना पुन्हा पुन्हा तपासायचा आणि तरीही घरी जाताना धाकधूक, की कुठे आकडा चुकला तर नाही? २० तारखेला जीएसटीचा रिटर्न भरायचा असतो, त्या आठवड्यात तर रजा मागायची सोयच नाही. मस्टरवर मात्र मी हजर.

सगळे विचारतात, "अजून दुखतंय का गं?" महिन्यातले किती दिवस दुखतं, हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. औषध न घेतल्यास एक अटॅक ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकतो. कित्येकांना त्याच्या आधी जांभया, आखडलेली मान, उगाच चिडचिड. दुखणं थांबल्यावरही दुसऱ्या दिवशी डोकं पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखं. म्हणजे "महिन्यातून तीनदाच तर होतं" म्हणणारीचा अर्धा महिनासुद्धा त्यात गेलेला असू शकतो. वर्षातून दोनदा येणारं मायग्रेन ही कटकट असते. दर आठवड्याला यायला लागलं की घरदार, नोकरी, नातीगोती सगळं त्याच्या तंत्राने चालायला लागतं. डोकेदुखीचे दिवस महिन्याला १५ किंवा त्याहून जास्त, त्यातले निदान ८ मायग्रेनचे, आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललेलं, तर डॉक्टर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात.

आणि मधले बरे दिवस? तेही पूर्ण आपले नसतात. भाचीच्या हळदीला डीजे आहे म्हटल्यावर मी आधीच सांगून ठेवते, "बघू, जमलं तर येते." नणंदेला वाटतं, ही शिष्ट आहे. ऑफिसात टीम सांभाळायची संधी आली तेव्हा मी नको म्हटलं. ऐन ऑडिटच्या दिवशी डोकं चढलं तर तोंड कुठे लपवू? हे कुठल्या तक्त्यात येतं?

डॉक्टरांकडे मिडास नावाची एक प्रश्नावली असते. प्रश्न फक्त पाच, गेल्या तीन महिन्यांबद्दल. मला ती आवडते, कारण ती रजेवर थांबत नाही. कामावर गेलात पण काम निम्म्यावर आलं, असे दिवसही ती विचारते आणि ते रजेच्या दिवसाइतकेच धरते. शिवाय घरकामाचे दोन प्रश्न वेगळे! किती दिवस घरचं काम झालंच नाही, किती दिवस निम्मंच झालं. पाचवा प्रश्न घरच्या माणसांसाठी आणि समारंभांसाठी बुडालेल्या दिवसांचा. बेरीज २१ किंवा वर गेली की सगळ्यात गंभीर गट. कुकर लावताना फोडणीच्या वासाने मळमळत उभी राहिलेली बाई हिशेबात धरण्याजोगी आहे, हे मला माझ्या घरातल्या कुणी नाही, त्या कागदाने सांगितलं.

"डोकंच तर दुखतंय" म्हणणाऱ्यांसाठी: जगभरातल्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या २०१९च्या अभ्यासात, माणसाला अपंगत्वाने जगायला लावणाऱ्या कारणांत मायग्रेन दुसरं होतं. तरुण बायकांमध्ये तर पहिलं. आता म्हणा, पित्त झालंय.

पित्तावरून आठवलं. उपाशी राहिलं की अनेकांचं डोकं उठतं, माझंही. मी संकष्टी सोडली. आत्या अजून बोलतात, बोलू देत. गणपतीला माझं डोकं ठाऊक आहे.

दिवस मोजायचं आणखी एक कारण आहे, ते मात्र गंभीर. केमिस्टकडून पट्टी आणून गिळत राहिलं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त, ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकवरच्या खास गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर हा धोका असतो. दुखतं म्हणून गोळी, गोळीमुळे दुखणं. महिन्याला चार-पाच दिवस जायला लागले, की अटॅक कमी करणाऱ्या रोजच्या औषधांबद्दल डॉक्टरांना विचारावं. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझिन ही जुनीच औषधं आहेत, कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. जाताना मात्र कॅलेंडर घेऊन जा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी पेनाने फुली मारली तरी पुरे. दुखलं त्या दिवशी एक, गोळी घेतली तर दुसरी. "खूप दुखतं हो" एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही.

आमच्या ऑफिसनेही मध्यंतरी आरोग्य सप्ताह केला. सुगंधी मेणबत्त्या लावून ध्यान! मी दारातूनच परतले. मला हवं होतं एवढंच, की माझ्या टेबलावरची लुकलुकणारी ट्यूब काढा आणि अटॅक आला तर अंधाऱ्या खोलीत अर्धा तास पडू द्या, उरलेलं काम रात्री घरून करते. प्रशासनाचं उत्तर आलं, "तुम्हाला दिलं तर उद्या सगळेच मागतील."

मागू देत की! किती जण मागतात ते तरी कळेल.